आफ्रिकेतल्या छोट्या संस्थांसाठी घरबसल्या लेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला राहते. दिवसा नोकरी करते आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पश्चिम केनियातल्या एका महिला गटासाठी विनामोबदला लिहिते. हे कळलं की लोक ठरावीकच प्रश्न विचारतात, कुणी उत्सुकतेने, कुणी भुवया उंचावून. त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. माझा अनुभव मुख्यतः केनियाचा, त्यामुळे उदाहरणंही बहुतेक तिथलीच. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि दोन हजारांहून अधिक भाषा. 'आफ्रिकेत असं असतं' हे वाक्य मी स्वतःला बंद केलंय, तुम्हीही करा.

तुम्ही लिहिता म्हणजे नक्की काय? कथा, लेख?

नाही हो. अनुदानाचा अर्ज, वार्षिक अहवाल, देणगीदाराला आभाराचं पत्र, वेबसाइटवरचं 'आमच्याविषयी', बालसुरक्षेचं धोरण, बैठकीचं इतिवृत्त, कधी अर्धवेळ हिशेबनीस हवा असल्याची जाहिरात. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कुणा बाईची गोष्ट. बाकी सगळं कोरडं काम.

मुंबईत जीपीओसमोर पत्रलेखक बसायचे. गिरणीतला, हमालीवरचा माणूस येऊन सांगायचा आणि ते गावाकडे पत्र लिहून द्यायचे, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचे. अक्षर त्यांचं, पण मजकूर सांगणाऱ्याचा आणि खाली अंगठाही सांगणाऱ्याचाच. माझं काम तेच आहे, फक्त टेबल नाशिकला आहे. यात ज्याला कमीपणा वाटतो त्याने या कामात पडू नये, असं माझं स्पष्ट मत. त्याने स्वतःचा ब्लॉग लिहावा.

तिकडे लिहिणारे नाहीत का?

भरपूर आहेत, आणि बरेच आपल्याहून सरस. अडचण लेखणीची नसते, तासांची आणि पगाराची असते. आमच्या गटाची सचिव सकाळी शाळेत शिकवते, दुपारी शेतात जाते, संध्याकाळी गटाचे पैसे मोजते. देणगीदाराचा वीस पानी अर्ज भरायला तिच्याकडे फक्त रात्र उरते. देणगीदार बोअरवेलला पैसे देतात, शिलाई मशीनला देतात. अर्ज लिहिणाऱ्याला पगार द्यायला सहसा कुणी तयार नसतं. त्यात १ जुलै २०२५ पासून अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत संस्थेचं, म्हणजे यूएसएआयडीचं काम अधिकृतपणे थांबलं. मोठ्या संस्थांमार्फत झिरपत खाली येणारा पैसा आटला आणि कितीतरी छोटे गट एकदमच नव्या दारांसमोर रांगेत उभे राहिले.

एक पथ्य मात्र मी पाळते. पहिल्याच बोलण्यात विचारते, 'या कामासाठी बजेट आहे का?' असेल तर ते तिथल्याच कुणाला द्या म्हणते. फुकट नाशिककराने पश्चिम केनियातल्या किसुमू शहरातल्या पत्रकाराचा रोजगार खाऊ नये.

भारतीय माणसाकडे ते कसं पाहतात?

आपण तिथे कोरी पाटी घेऊन जात नाही. केनियात बोलतात त्या स्वाहिली भाषेत भारतीय माणसाला 'मुहिंदी' म्हणतात. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' आणि लाखाला 'लाकी'. हे शब्द ऐकून पहिल्या दिवशी आपल्याला गुदगुल्या होतात. पण ते शब्द ज्या दुकानदारांबरोबर आले, त्यांच्याबद्दलच्या सगळ्याच आठवणी गोड नाहीत. एका टोकाला युगांडात १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं. दुसऱ्या टोकाला केनियाने २०१७ साली आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

गोव्याच्या वाचकांना एक नाव माहीत असावं असं मला वाटतं : पिओ गामा पिंटो. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म १९२७ साली नैरोबीचा, शिक्षण भारतात. गोवा मुक्तीच्या कामात भाग घेऊन हा माणूस केनियात परतला. तिथे पत्रकारिता केली, कामगार संघटनांसाठी आणि स्वातंत्र्य चळवळीसाठी राबला. इंग्रज सरकारने त्याला काही वर्षं स्थानबद्ध ठेवलं आणि स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्याची गोळ्या घालून हत्या झाली. आपण करतो ते त्याच्या कामापुढे काहीच नाही. तरी 'तुझा इथे काय संबंध?' असं कुणी विचारलं तर हा संबंध ठाऊक असलेला बरा.

माझं इंग्रजी बेताचं आहे. चालेल?

साधं, चुका नसलेलं इंग्रजी असेल तर चालेल, उलट पळेल. फुलोऱ्याचं इंग्रजी लिहिणाऱ्यांचाच जास्त त्रास होतो. धोका आपल्या भारतीय सवयींचा आहे. 'डू द नीडफुल', 'प्रीपोन', 'पास्ड आउट' हे आपल्याला इंग्रजी वाटतं, परदेशी देणगीदार मात्र चक्रावतो. कॉलेजमधून 'पास्ड आउट' झालेली मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर चक्कर येऊन पडते.

सर्वांत महागात पडणारी सवय स्वल्पविरामाची. आपण दीड लाख लिहिताना १,५०,००० असं लिहितो. तिकडे ते १५०,००० असं लिहायचं. माझ्या पहिल्या बजेटमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात होते. गटाच्या खजिनदाराने अत्यंत नम्रपणे विचारलं, 'यात काही आकडे राहून गेलेत का?'

फ्रेंच येत असेल तर सेनेगल, कोट दि'व्हॉरसारख्या देशांचं दार उघडतं, पोर्तुगीज येत असेल तर मोझांबिक आणि अंगोलाचं. गोव्यातल्या ज्या घरांत आजीबरोबर पोर्तुगीज उरलंय, त्यांनी हे मनावर घ्यावं.

संस्था शोधायची कुठे?

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाची, म्हणजे यूएनव्हीची ऑनलाइन सेवा ही सगळ्यात सरळ वाट. नोंदणी फुकट, वय किमान १८. काम घरून, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि एका कामासाठी जास्तीत जास्त १२ आठवडे. लेखन-संपादन आणि भाषांतर असे वेगळे विभाग असतात. तिथे अर्ज करताना 'मला आफ्रिकेबद्दल ओढ आहे' असं लिहू नका. काय लिहिता येतं ते लिहा आणि दोन नमुने जोडा.

भाषांतर जमत असेल तर पूर्वीची 'ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स', आताची क्लिअर ग्लोबल, ही संस्था आहे. आफ्रिकेतल्या कामाला मात्र स्वाहिली, हौसा, फ्रेंच अशी एखादी भाषा लागते.

आणि एक वाट थेट मुंबईतून जाते. १९८५ साली भायखळा भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांची गणना स्पार्क या संस्थेने त्या लोकांनाच बरोबर घेऊन केली. तोवर कुठल्याच कागदावर नसलेली माणसं त्या अहवालातून पालिकेच्या टेबलावर पोचली. पुढे जॉकिन अर्पुथम यांचा नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, फुटपाथ आणि झोपडपट्टीतल्या बायकांच्या 'महिला मिलन' या बचत गटांतल्या बायका आणि स्पार्क यांचं दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडीवासीयांशी येणं-जाणं सुरू झालं. त्यातून १९९६ साली स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल उभी राहिली, आज तिचं मुख्य कार्यालय केपटाउनला आहे. केनियातली 'मुउंगानो वा वानाविजिजी' ही वस्त्यांची संघटना त्याच जाळ्यातली. रोजची छोटी बचत आणि आपल्या वस्तीची गणना आपणच करणं, या दोन्ही गोष्टी मुंबईच्या बायकांनी तिकडच्या बायकांना दाखवल्या. तिकडच्यांनी त्यात स्वतःची भर घातली. या जाळ्याचे अहवाल वाचा. समाजाने स्वतःबद्दल लिहिलेला अहवाल कसा असतो, हे कुठल्याही कार्यशाळेपेक्षा त्यातून जास्त कळतं.

संस्था खरी आहे की नाही, हे इथे बसून कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक मागा. खरी संस्था रागावत नाही. केनियात छोटे बचत गट आणि वस्तीपातळीवरच्या संस्था २०२२ च्या कम्युनिटी ग्रुप्स रजिस्ट्रेशन कायद्याखाली नोंदवतात, मोठ्या संस्थांसाठी २०१३ चा पब्लिक बेनिफिट ऑर्गनायझेशन्स कायदा आहे. तो प्रत्यक्षात लागू व्हायला मात्र मे २०२४ उजाडला. म्हणून जुन्या संस्थेकडे जुन्या एनजीओ मंडळाचं प्रमाणपत्र दिसलं तर लगेच संशय घेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत समाजविकास खात्याचा एनपीओ क्रमांक असतो, नायजेरियात कॉर्पोरेट अफेअर्स कमिशनची नोंद.

कागदांपेक्षा मला दुसरी एक खूण जास्त पटते. गेल्या वर्षी काय जमलं नाही, असं विचारा. ज्यांच्याकडे दुष्काळात मेलेल्या कोंबड्यांची, कर्ज बुडवून गेलेल्या सदस्याची, अर्धवट राहिलेल्या शौचालयाची गोष्ट आहे, ते खरे. ज्यांचं सगळं झकास चाललंय, त्यांच्यापासून मी लांब राहते.

त्यांनी माझ्याकडेच पैसे मागितले तर?

'नोंदणी शुल्क', 'स्वयंसेवक शुल्क', 'अनाथाश्रमासाठी तातडीची मदत'. घरून लिहिण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

काम मिळालं. पहिल्या महिन्यात काय करू?

लिहू नका. वाचा आणि ऐका. जुने अहवाल, नाकारलेले अर्ज (हे आवर्जून मागा), बैठकीच्या नोंदी. एक शब्दांची वही करा. केनियात 'चामा' म्हणतात ती साधारण आपली भिशी आणि बचत गट यांच्या मधली गोष्ट. घानात 'सुसू', दक्षिण आफ्रिकेत 'स्टोकव्हेल', इथिओपियात 'इकूब', फ्रेंच बोलणाऱ्या देशांत 'तोंतीन'. 'हरांबे' म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्याच्या कामासाठी वर्गणी उभी करणं. 'बराझा' म्हणजे गावसभा. हे शब्द अर्जात तसेच ठेवा आणि पहिल्या वेळी अर्धं वाक्य खर्चून अर्थ सांगा. पुसून 'मायक्रोफायनान्स' लिहिलंत तर त्यातला जीव जातो.

मग घड्याळ. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, जोहान्सबर्ग साडेतीन, लागोस साडेचार, अक्रा साडेपाच. हे सोपं आहे. अवघड पुढे आहे. स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात : सकाळी सातला 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. नऊला 'सा तातू', तीन. सचिवबाईंनी एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाहिलीत 'उद्या सा न्ने' कळवलं. न्ने म्हणजे चार, म्हणून मी संध्याकाळी साडेसहाला चहा घेऊन बसले. त्यांची बैठक सकाळी दहालाच उरकली होती.

ऋतूही आपले धरू नका. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. सरकारी आर्थिक वर्ष जुलै ते जून. 'जूनमध्ये शाळा उघडताच पावसाळ्यापूर्वी वाटप' असं वाक्य माझ्या हातून गेलं होतं, आणि त्यातला एकही शब्द तिथे लागू नव्हता.

ज्यांना कधी भेटलो नाही, त्यांच्या गोष्टी लिहायच्या कशा? हे बरोबर आहे का?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे.

पहिली गोष्ट, मी मुलाखत घेत नाही. गटातलीच कुणी घेते, तिच्या भाषेत, लुओमध्ये किंवा स्वाहिलीत. माझ्याकडे ध्वनिफीत आणि तिने केलेलं कच्चं इंग्रजी येतं. मी मसुदा करते, तो परत जातो, आणि ज्या बाईची गोष्ट आहे तिला तो तिच्या भाषेत वाचून दाखवला जातो. तिने 'हो' म्हटल्याशिवाय देणगीदाराकडे काहीही जात नाही. यात तीन आठवडे जातात. जाऊ द्यावेत. एकदा एका बाईंनी ऐकून एवढंच सांगितलं, 'मी रडले हे काढा, मी दुकान टाकलं हे वर घ्या.' मसुद्यात रडणं पहिल्या परिच्छेदात होतं. तिथे ते कुणी नेऊन ठेवलं होतं, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, नावं. केनियात बायकांना आदराने 'मामा' आणि पुढे थोरल्या मुलाचं नाव लावून हाक मारतात, आपल्याकडे 'बंड्याची आई' म्हणतात तसं. पण अहवालात तिचं स्वतःचं नाव हवं की नको, हे तिने ठरवायचं. नाव बदलायचं असेल तर नवं नाव तुम्ही इंटरनेटवरून शोधू नका. लुओंमध्ये जन्मवेळेवरून नावं असतात : आतिएनो रात्री जन्मलेली, आचिएंग भर दुपारी, आकिन्यी सकाळी. वान्जिकू हे नाव किकुयू. लुओ बाईला तुम्ही सहज वान्जिकू करून टाकलंत तर तुम्ही तिची जमात बदललीत. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर जमातींमध्ये जे रक्त सांडलं, ते पाहिलेल्या देशात ही किरकोळ चूक नाही. टोपणनाव तिलाच निवडू द्या. बायका फार मजेत निवडतात.

तिसरी, कायदा. केनियाचा डेटा संरक्षण कायदा २०१९ चा, दक्षिण आफ्रिकेचा 'पोपिया' २०२१ च्या जुलैपासून पूर्णपणे बंधनकारक, नायजेरियाचा २०२३ चा. आजार, विशेषतः एचआयव्ही, आणि लहान मुलांची माहिती ही संवेदनशील धरली जाते. मुलाचा फोटो, शाळेचं नाव आणि गाव हे तिन्ही एका पानावर कधीच येऊ देऊ नका. सहीचा कागद आहे म्हणून संमती आहे असं नसतं. शिवणयंत्र देणाऱ्या संस्थेने फोटो मागितल्यावर 'नाही' म्हणणं किती कठीण, हे आपल्याकडच्या कुठल्याही वाटपाच्या कार्यक्रमात उभं राहून पाहा.

आणि ते 'लाभार्थी'. शक्य तिथे मी 'सदस्य' लिहिते. गट त्यांचाच असतो ना.

अनुदानाचा अर्ज लिहिण्यात नवखे कुठे घसरतात?

दुःखावर. पहिली दोन पानं गरिबी, दुष्काळ, अनाथ, आणि काम तिसऱ्या पानावर. वाचणारा अधिकारी त्या दिवशी असे बरेच अर्ज वाचत असतो. दुःखाच्या शर्यतीत छोटा गट हरतोच. त्याने आपल्या कामाची घडी दाखवावी.

उदाहरण देते. बचत गटांची जी पद्धत आज आफ्रिकाभर दिसते, ती केअर या संस्थेने १९९१ साली नायजरमधल्या मारादी भागात बायकांबरोबर बसवली. त्यात एक लोखंडी पेटी असते, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, पेटी चौथीच्या घरी. पेटी उघडते ती फक्त सगळ्यांसमोर, बैठकीत. पैसे मोठ्याने मोजतात. वर्षअखेर सगळं वाटून पुन्हा शून्यापासून सुरुवात. आमच्या गटातही असंच चालतं. पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं, 'पारदर्शक कारभार' एवढे दोन शब्द होते. मी कुलपं लिहिली. देणगीदाराने फोन केला तेव्हा त्याने विचारलं ते कुलपांबद्दलच.

बाकी तांत्रिक भाग थोडक्यात. आधी दोन पानांचं संकल्पना-टिपण जातं, पसंत पडलं तर पूर्ण अर्ज. लॉगफ्रेम नावाचा तक्ता असतो, त्यात 'आउटपुट' आणि 'आउटकम' यांची गल्लत करू नका : चाळीस जणींना शिवण शिकवलं हे आउटपुट, त्यातल्या किती जणी वर्षभरानेही शिवणावर कमावताहेत हे आउटकम. बजेट शिलिंगमध्ये करा, डॉलरचा दर आणि त्याची तारीख खाली लिहा. मोबाइल डेटा, प्रवास आणि एम-पेसाचे (मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचे) व्यवहार शुल्क हे खर्च दाखवायला गट लाजतात. दाखवायला लावा.

आणि त्यांनीच आकडा फुगवायला सांगितला तर?

झालंय. केनियातलीच, पण दुसरी एक संस्था होती, नाव सांगत नाही. प्रशिक्षणाला २३ जणी आल्या होत्या, मला ६० लिहायला सांगितलं, कारण अर्जात ६० कबूल केले होते. मी २३ लिहिलं आणि कमी का आल्या याची कारणं मागितली : त्याच आठवड्यात गावात दफनविधी होता आणि रस्ता वाहून गेला होता. उत्तम, खरी कारणं होती, देणगीदाराला पटली असती. संस्थेच्या संचालकांना माझं म्हणणं पटलं नाही, पुढे बोलणं थांबलं. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण हेही सांगते, की हे फुगवणं देणगीदारच शिकवतात. नाशिक जिल्ह्यातल्या किती 'लाभार्थी याद्या' आपण पाहिल्यात ते आठवा आणि मग केनियाला नावं ठेवा.

एआय वापरता का?

व्याकरण तपासायला, लांब वाक्य तोडायला, हो. पण कुणाच्या मुलाखतीची ध्वनिफीत, नाव, आजार, फोन नंबर त्यात टाकायचा नाही, हे गटाशी लेखी ठरलंय. शिवाय एआयला 'केनियन ग्रामीण स्त्रीची प्रेरणादायी कथा' लिहायला सांगा, आणि बाई पहाटे डोक्यावर घागर घेऊन निघालेली सापडते. आमच्या गटातल्या एका सदस्येचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

मराठीतून काही करता येईल का?

येईल, आणि हे फार कमी जणांना माहीत आहे. 'आफ्रिकन स्टोरीबुक' हा २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सुरू झालेला उपक्रम. तिथल्या मुलांना त्यांच्या भाषेत वाचायला गोष्टी मिळाव्यात म्हणून मुक्त परवान्याने ठेवलेला हा साठा आहे. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. आफ्रिकन स्टोरीबुकच्या गोष्टी तिथेही आहेत आणि तिथे कुणालाही मराठी भाषांतर करता येतं. लेखक-चित्रकाराचं श्रेय कायम ठेवायचं एवढंच. एका गोष्टीला एक संध्याकाळ पुरते. 'उगाली'चं भाषांतर कृपया 'पिठलं' करू नका. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असतो तो, उगालीच राहू द्या, चित्रात दिसतोच.

दुसरी जागा मॉरिशस. तो आफ्रिकी संघाचा सदस्य देश, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी भाषक समाजाच्या संस्था आहेत आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात. तिथल्या मंडळींना 'मराठी शिकवायला' मात्र जाऊ नका. पिढ्यान् पिढ्या त्यांनी ती आपल्या बळावर टिकवली आहे. स्मरणिकेचं मुद्रितशोधन, वृद्धांच्या आठवणींचं लेखन, अशा कामात हात लावू का म्हणून विचारा.

वेळ किती द्यावा लागतो?

आठवड्याला चार-पाच तास, पण न चुकता. उत्साहाच्या भरात वीस तास कबूल करणारे दिवाळीपर्यंत गायब होतात. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात रात्री जागावं लागतं, तेवढं धरून चाला.

पाठवलेल्या मजकुरावर पंधरा-पंधरा दिवस उत्तरच येत नाही. राग येतो.

येतो. पण आधी तिकडचा फोन डोळ्यांसमोर आणा. इंटरनेट 'बंडल' विकत घेऊन वापरलं जातं, संपलं की संपलं. बारा पानांच्या फाइलमध्ये रंगीत खुणा करून पाठवलेल्या दुरुस्त्या तिच्या छोट्या पडद्यावर उघडतच नाहीत. मी आता व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी तीन प्रश्न पाठवते, क्रमांक घालून, साध्या मजकुरात. फोटो नाही, पीडीएफ नाही. उत्तर त्याच दिवशी येतं. आणि मेसेजची सुरुवात कामाने करू नका. घरचे कसे आहेत, पाऊस झाला का, मग काम. हे आपल्याला कुणी शिकवायला नको खरं तर, पण ऑफिसच्या ईमेलांनी आपली ती सवय मोडली आहे.

प्रत्यक्ष तिकडे जाऊन काम करायचं असेल तर?

पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन संस्थेत काम करू नका. बऱ्याच देशांत बिनपगारी कामही काम धरलं जातं. कुठला परवाना लागतो ते संस्थेने लेखी कळवायला हवं. केनियासह अनेक देशांसाठी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागते, ती निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यायची आणि पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं. अशा देशातून कार्डाशिवाय परतलात तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लेखनासाठी जाण्याची गरज मात्र क्वचितच असते. त्या तिकिटाच्या पैशात गटाला सहज एक चांगला लॅपटॉप येतो.

देणगी द्यायची असेल तर?

भारतातून परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली बँकेतून पाठवता येते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०जीची सूट मिळत नाही. मी लेखन आणि देणगी एकाच संस्थेला देत नाही. पैसे देणाऱ्या लेखनिकाला 'हे चुकलंय' असं कुणी सांगत नाही.

नाव छापतात का? प्रमाणपत्र मिळतं का?

यूएनव्हीतून केलेल्या कामाचं प्रमाणपत्र मिळतं. थेट गटाबरोबर काम केलंत तर मागितल्यावर पत्र देतात, फार तर मसुदा तुम्हालाच करायला सांगतील. नाव सहसा नाही. अर्ज मंजूर झाला की फोटोत तुम्ही नसता, आणि ते योग्यच आहे.

थांबायचं असेल तर कसं थांबायचं?

दोन महिने आधी सांगा. तुमच्याकडची जुनी उत्तरं, आकडे, नोंदणी क्रमांक, संस्थेची शंभर शब्दांतली आणि पाचशे शब्दांतली ओळख, हे सगळं एका फोल्डरमध्ये लावून द्या, म्हणजे पुढचा अर्ज गटातल्या कुणालाही त्यातून उचलून भरता येईल. गटातली एखादी तरुण मुलगी लिहू पाहत असते, शेवटचे दोन अर्ज तिला लिहू द्या आणि तुम्ही फक्त वाचा. मग ड्राइव्हमधला आणि ईमेलमधला तुमचा प्रवेश तुम्हीच काढून टाका. ते काढा म्हणायला त्यांना संकोच वाटतो.